संगणकाचे स्वास्थ्यरक्षण : लघु औषधालये व चिकित्सालये यांसाठी क्रियाकालानुसारी अभ्यास

प्रास्ताविक

स्वस्थ मनुष्याच्या स्वास्थ्याचे रक्षण आणि आतुराच्या विकाराचे प्रशमन ही आयुर्वेदाची दोन प्रयोजने होत, आणि त्यांतही रक्षणाचा निर्देश आधी येतो. हा क्रम आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच आत्मसात केलेला आहे. रुग्णाला आपण दिनचर्या सांगतो, ऋतुसंधीत काय टाळावे हे सांगतो, आणि रोग झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा निदानपरिवर्जन श्रेयस्कर हे पटवून देतो. मात्र आपल्याच चिकित्सालयातील वा औषधालयातील संगणकाच्या बाबतीत आपले वर्तन नेमके उलट असते. तो बंद पडला की तंत्रज्ञाला फोन, चालू झाला की विषय संपला! प्रस्तुत लेखात या वर्तनाचा विचार करून पूर्वदक्ष संगणक-व्यवस्थापन म्हणजे काय, ते लहान व्यवसायाला कसे जमते आणि न जमविल्यास काय गमवावे लागते, हे मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

विषय तांत्रिक असला तरी विवेचनासाठी सुश्रुताचार्यांनी सांगितलेल्या षट्क्रियाकालाचा आधार घेतला आहे. दृष्टान्ताचा एकच अंश घ्यावयाचा असतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. संगणकाला दोष-धातू-मल नाहीत. परंतु हल्ला एका क्षणात होत नाही, तो टप्प्याटप्प्याने वाढतो आणि प्रारंभीच ओळखल्यास अल्पप्रयत्नात टळतो, एवढे साम्य मात्र खरे आहे.

मिहान आणि आपण

नागपूर ही आयुर्वेदीय औषधनिर्मितीची जुनी भूमी आहे. बैद्यनाथचे नाव येथील एका चौकालाच मिळाले आहे. अलीकडच्या काळात शहराच्या दक्षिणेस, वर्धा मार्गालगत, मिहान प्रकल्प उभा राहिला. त्यासाठी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीची स्थापना २००२ साली झाली. आज तेथे टीसीएस, एचसीएल, टेक महिंद्रा, इन्फोसिस यांसारख्या संगणक कंपन्यांची केंद्रे आहेत. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या नागपूर शाखेचे, म्हणजे एम्सचे, लोकार्पण ११ डिसेंबर २०२२ रोजी तेथेच झाले आणि मार्च २०२५ मध्ये पतंजलीच्या अन्न व वनौषधी प्रक्रिया उद्यानाचेही उद्घाटन झाले. संगणक, रुग्णालय आणि वनौषधी या तिन्ही गोष्टी एकाच परिसरात एकत्र आल्याचे असे उदाहरण विरळाच.

मोठ्या संगणक कंपन्या आपल्या ग्राहकांच्या यंत्रणांवर अहोरात्र लक्ष ठेवण्याचे काम करतात. कोणत्या सर्व्हरची जागा भरत आली, कोणते अद्यतन राहिले, कोणी अवेळी प्रवेश केला, हे बिघाड होण्यापूर्वीच पाहण्याची ही पद्धती आहे. तेथून अर्ध्या तासावर असलेल्या आपल्या औषधालयात मात्र एकच संगणक असतो. त्यावरच बिले, त्यावरच टॅली, त्यावरच बँक, आणि दुपारी मुलांचे खेळही त्यावरच! मोठ्यांची साधने आपल्याला परवडणार नाहीत हे मान्य. त्यांची शिस्त मात्र परवडण्यासारखी आहे, कारण तिला पैशांपेक्षा सातत्य अधिक लागते.

‘आमच्यासारख्या लहानांकडे कोण बघतो?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. जानेवारी २०२३ मध्ये नागपूरच्याच सोलर इंडस्ट्रीज या स्फोटके बनविणाऱ्या कंपनीची माहिती चोरल्याचा दावा ‘ब्लॅककॅट’ नावाच्या टोळीने केला. पुढे मार्चमध्ये मुंबईच्या सन फार्मा कंपनीवरील हल्ल्यातही याच टोळीचे नाव आले. ही उदाहरणे मोठ्यांची आहेत, म्हणून आपण निर्धास्त राहावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बहुतांश हल्ले माणूस पाहून होत नाहीत. महाजालावर उघडे असलेले प्रत्येक दार स्वयंचलित साधनांनी ठोठावून पाहिले जाते. जे उघडते त्यात शिरकाव होतो. घर लहान की मोठे, हे आत शिरल्यावर कळते.

काय पणास लागले आहे?

आपल्या संगणकात साधारणपणे चार प्रकारची माहिती असते.

पहिली, रुग्णवृत्ते. वंध्यत्व, शुक्रदोष, मानसव्याधी, व्यसन यांविषयी रुग्ण वैद्यापाशी जे बोलतो, ते तो कधीकधी घरातही बोललेला नसतो. कागदाच्या कपाटातून एक फाइल चोरीस जाते. संगणकातून वीस वर्षांची रुग्णवृत्ते एका रात्रीत जातात. आर्थिक हानी भरून निघते, परंतु उघड झालेले गुपित पुन्हा गुप्त करता येत नाही.

दुसरी, निर्मितीच्या नोंदी. ज्यांचे स्वतःचे उत्पादन आहे त्यांना शेड्यूल टी नुसार कच्च्या द्रव्यांच्या, प्रत्येक बॅचच्या, वितरणाच्या व तक्रारींच्या नोंदी ठेवाव्याच लागतात. समजा, आरोग्यवर्धिनीच्या एका बॅचविषयी तक्रार आली. ती बॅच कोणत्या दिवशी तयार झाली, त्यात कोणत्या पुरवठादाराची कुटकी होती, कोणकोणत्या विक्रेत्यांकडे माल गेला, हे सांगता आले तर तेवढाच माल परत घेता येतो. नोंदी नष्ट झाल्या असतील तर सर्वच माल संशयित ठरतो, आणि अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकापुढे निर्दोष असूनही निरुत्तर व्हावे लागते.

तिसरी, हिशेब : विक्री, उधारी, जीएसटीची विवरणे. चौथी, प्रत्यक्ष पैसा, म्हणजे बँकेचे व्यवहार आणि यूपीआय. या चारांपैकी कोणती माहिती कोणत्या यंत्रावर आहे याची एक पानाची यादी करणे, हीच पूर्वदक्षतेची पहिली पायरी होय. जे आहे तेच ठाऊक नसेल, तर त्याचे रक्षण कसे करणार?

षट्क्रियाकालानुसार विचार

१. संचय. या अवस्थेत दोष आपल्याच स्थानी साठतो. लक्षणे अल्प असतात, म्हणून दुर्लक्ष होते. पुढे ढकललेली अद्यतने, सर्वत्र एकच पासवर्ड, काम सोडून गेलेल्या मदतनिसाचे अजून चालू असलेले खाते, राउटरचा कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड, विनापरवाना सॉफ्टवेअर हा सगळा संचयच होय. ‘वॉनाक्राय’ या विषाणूने १२ मे २०१७ रोजी जगभर हाहाकार उडविला आणि इंग्लंडमधील अनेक सरकारी रुग्णालयांना नियोजित तपासण्या रद्द कराव्या लागल्या. ज्या छिद्रातून तो शिरला ते बुजविणारे अद्यतन मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिले होते. मधले एकोणसाठ दिवस ज्यांनी वाया घालविले, त्यांतील अनेकांना त्याची किंमत मोजावी लागली. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे विंडोज सेव्हनची सुरक्षा अद्यतने १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज टेनचे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. असा संगणक ‘नीट चालतो’ म्हणून बँकेच्या व्यवहारास वापरणे म्हणजे संचयाकडे डोळेझाक करणे होय.

२. प्रकोप. साठलेल्या दोषाला हेतू मिळतो आणि तो उन्मार्गी होण्यास सिद्ध होतो. ई-पत्रासोबत आलेले खोटे बिल, व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाच्या नावाने आलेली एपीके फाइल, चोरीस गेलेला पासवर्ड, हे हेतू होत. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील चेंज हेल्थकेअर या संस्थेवर हल्ला झाला आणि देशभरातील औषधविक्रेत्यांना विमाधारक ग्राहकांची बिले करता येईनात. पुढे मे महिन्यात कंपनीच्या प्रमुखांनी तेथील संसदेपुढे सांगितले की, दूरस्थ प्रवेशाच्या एका दाराला दुहेरी पडताळणी नव्हती आणि चोरलेल्या पासवर्डाने हल्लेखोर त्यातून आत आले. पासवर्डासोबत मोबाइलवर येणारा दुसरा संकेत मागण्याची सोय बहुतेक ई-पत्र सेवांत विनामूल्य असते, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते.

३. प्रसर. दोष स्वस्थान सोडून पसरतो. एका संगणकातून दुसऱ्यात, तेथून सर्व्हरमध्ये. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समधील संगणक-यंत्रणा ठप्प झाली. नोंदणी, प्रयोगशाळा, अहवाल सारे अनेक दिवस हाताने चालवावे लागले. पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. जाळ्याचे योग्य विभाजन नसल्याने हे घडले, असे कारण शासनाने संसदेत दिले. आपल्याकडे काउंटरचा संगणक, हिशेबाचा संगणक, सीसीटीव्ही आणि प्रतीक्षागृहातील रुग्णांचे वाय-फाय हे सारे एकाच राउटरवर असते. बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी निराळे जाळे करण्याची सोय असते. ती चालू करण्यास दहा मिनिटेही लागत नाहीत. तेवढ्याने प्रसराचा एक मार्ग बंद होतो.

४. स्थानसंश्रय. येथे दोष विगुण स्रोतसात ठाण मांडतो आणि पूर्वरूपे दिसू लागतात. हल्लेखोर आत आल्यावर पुष्कळदा लगेच काही करीत नाही. माहितीची प्रत कोठे आहे, मालकाचे अधिकार कसे मिळतील, हे तो शोधतो. पूर्वरूपे अशी : विषाणुरोधक आपोआप बंद झालेले आढळणे, अनोळखी वापरकर्त्याचे खाते दिसणे, रात्री बंद केलेला संगणक सकाळी चालू असणे, न मागितलेले ओटीपी येणे, आपण न पाठविलेली ई-पत्रे ‘पाठविलेल्या’ यादीत दिसणे. यांपैकी एकही लक्षण दिसल्यास ‘बघू सोमवारी’ म्हणू नये. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले ते ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवशी. पैकी ११ ऑगस्ट हा महिन्याचा दुसरा शनिवार, म्हणजे बँकेच्या सुटीचा दिवस होता. सुटीचा दिवस हल्लेखोराच्या सोयीचा असतो.

५. व्यक्ति. व्याधी प्रकट होतो. फाइली उघडत नाहीत आणि पडद्यावर खंडणीची सूचना झळकते. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या यंत्रणेवर असा हल्ला झाला आणि राज्यभरातील कार्यालयांचे संगणकीय काम थांबले. जाळ्याच्या निराळ्या विभागात माहितीच्या प्रती उपलब्ध असल्याचे महामंडळाने तेव्हा सांगितले होते. दिल्लीच्या एम्समध्येही ई-हॉस्पिटलची माहिती न बाधलेल्या राखीव सर्व्हरवरूनच परत मिळाली. या अवस्थेत निराळी ठेवलेली प्रत हेच मुख्य औषध, ही गोष्ट दोन्ही ठिकाणी सिद्ध झाली.

६. भेद. उपद्रव उत्पन्न होतात आणि व्याधी कष्टसाध्य होतो. चोरलेली माहिती विकली जाते किंवा उघड केली जाते. चेंज हेल्थकेअरच्या मालकांनी ब्लॅककॅटला सुमारे २ कोटी २० लाख डॉलर खंडणी दिली. तरीही काही आठवड्यांतच दुसऱ्या टोळीने तीच माहिती आपल्याजवळ असल्याचे सांगून पुन्हा मागणी केली. खंडणी देऊन माहिती सुरक्षित होत नाही, याहून स्पष्ट उदाहरण कोणते हवे?

सहाही अवस्थांचा एकत्र विचार केला तर असे दिसते की, पहिल्या दोन अवस्थांतील उपाय जवळपास विनामूल्य आहेत, मधल्या दोन अवस्थांत सावधानता लागते आणि शेवटच्या दोन अवस्थांत केवळ आधी करून ठेवलेली तयारी उपयोगी पडते. शमन चिकित्सेस वाव कोठपर्यंत आणि पुढे काय, हे वैद्यास सांगणे न लगे.

प्रतीविषयी थोडे अधिक

माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक तरी प्रत वास्तूबाहेर असावी, असा सर्वमान्य नियम आहे. यात आम्ही एक जोड देऊ : एक प्रत यंत्राला जोडलेली नसावी. हार्ड डिस्क सदैव संगणकाला लावून ठेवली, तर विषाणू मूळ फाइलींबरोबर तिलाही कुलूप लावतो.

जून २०१७ मधील ‘नॉटपेट्या’ विषाणूचा फटका मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनललाही बसला होता. ते टर्मिनल ज्या मर्स्क समूहाचे, त्या समूहाची जगभरची मुख्य नियंत्रक यंत्रे एकापाठोपाठ पुसली गेली. केवळ आफ्रिकेतील घाना येथील एक यंत्र त्या वेळी वीज गेल्यामुळे जाळ्याबाहेर होते, म्हणून वाचले. आणि त्या एका प्रतीवरून पुनर्बांधणी झाली. जगड्व्याळ कंपनीला खंडित विजेने वाचविले. आपण हे दैवावर न सोडता आठवड्यातून दोनदा प्रत घेऊन डिस्क काढून ठेवावी, एवढेच.

वास्तूबाहेर प्रत कशासाठी, हे नागपूरकरांना निराळे सांगावयास नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टी होऊन अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीलगतच्या वस्त्यांत, दुकानांत, तळमजल्यांत पाणी शिरले. संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातील डिस्क यांचे अशा वेळी एकच भवितव्य असते. एक डिस्क घरी, दुसरी औषधालयात, आणि दर आठवड्याला अदलाबदल, एवढी योजना पुरेशी आहे. घरी नेण्याच्या डिस्कवरील रुग्णवृत्ते पासवर्डाने बंद केलेली असावीत, अन्यथा ती हरवल्यास गोपनीयतेचाच भंग होतो. तसेच महिन्यातून एकदा एखादी जुनी फाइल प्रतीवरून परत आणून उघडून पाहावी. न तपासलेली प्रत म्हणजे शोधनाविना वापरलेले द्रव्य. वेळेस गुण येईलच याची शाश्वती नाही.

संगणकाची दिनचर्या व ऋतुचर्या

प्रतिदिन : काम संपल्यावर सर्व खात्यांतून बाहेर पडावे. दिवसाची विक्री आणि बँकेत प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम ताडून पाहावी. विषाणुरोधक चालू असल्याची खूण पाहावी.

प्रतिसप्ताह : प्रत घ्यावी व डिस्क काढावी. अद्यतने पूर्ण करून संगणक पुन्हा सुरू करावा. अद्यतन ‘नंतर’ वर ढकलण्याची सवय सर्वाधिक घातक होय.

प्रतिमास : कोणाची खाती चालू आहेत ते तपासावे, सोडून गेलेल्या सेवकाचे खाते त्याच दिवशी बंद व्हावयास हवे होते, ते झाले की नाही हे पाहावे. प्रतीची परीक्षा घ्यावी. डिस्कवर किती जागा उरली ते नोंदवावे.

ऋतूनुसार : ग्रीष्मात नागपूरचे तापमान ४५ अंशांपलीकडे जाते. जेथे चूर्णांचे कुट्टन-गालन होते, तेथील सूक्ष्म रज संगणकाच्या पंख्यात बसून उष्णता अडविते. म्हणून ग्रीष्मापूर्वी यंत्र उघडून स्वच्छ करून घ्यावे आणि कुट्टनगृहात संगणक ठेवूच नये. वर्षा ऋतूपूर्वी यूपीएसची बॅटरी व अर्थिंग तपासावे आणि यंत्र जमिनीवर न ठेवता उंचावर ठेवावे. मार्चअखेर हिशेब बंद झाले की त्या वर्षाची एक स्वतंत्र प्रत करून जपावी.

पासवर्डाविषयी स्वतंत्रपणे सांगणे अगत्याचे आहे. ‘त्रिफळा१२३’ किंवा औषधालयाचे नाव आणि स्थापनावर्ष हे पासवर्ड नव्हेत. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द एकत्र केलेला लांब पासवर्ड लक्षात राहतो आणि ओळखण्यास कठीण जातो. बँक, ई-पत्र आणि बिलांचे सॉफ्टवेअर यांचे पासवर्ड निरनिराळे असावेत. मुख्य अधिकारांचे खाते मालकाकडे ठेवून दैनंदिन बिलांसाठी मर्यादित अधिकारांचे खाते वापरावे.

काउंटरवरील फसवणूक

सर्व संकटे विषाणूंच्या रूपानेच येतात असे नाही. लष्करी अधिकारी असल्याचे सांगून मोठी मागणी नोंदविणे, आणि ‘पैसे पाठवितो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ म्हणणे, हा प्रकार आता सर्वपरिचित आहे. पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही, हे एक वाक्य काउंटरवरील प्रत्येक सेवकास पाठ असावे. पैसे पाठविल्याचे चित्र दाखविले म्हणजे पैसे आले असे नव्हे. आपल्या बँकेचा संदेश किंवा ध्वनियंत्राची घोषणा हेच प्रमाण. काउंटरवरील क्यूआर कोडवर दुसऱ्याचा कागद चिकटविलेला नाही ना, हे सकाळी झाडलोट करतानाच पाहावे.

वनौषधींच्या पुरवठादाराच्या नावे ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असे ई-पत्र आल्यास त्याच पत्रातील क्रमांकावर विचारणा करू नये. आपल्या जुन्या वहीतील क्रमांकावर फोन करून खात्री झाल्यावाचून एक रुपयाही पाठवू नये.

बाधा झाल्यास आत्ययिक उपचार

पुढील क्रम मोठ्या अक्षरांत कागदावर छापून संगणकाजवळ लावावा. संगणकातच ठेवलेला क्रम ऐन वेळी वाचता येत नाही.

१. जाळ्याची तार काढावी, वाय-फाय बंद करावे. बाधित यंत्र इतरांपासून तत्काळ निराळे करावे.
२. प्रतीची डिस्क कोणत्याही परिस्थितीत जोडू नये.
३. पडद्याचे छायाचित्र घ्यावे. काहीही पुसू नये.
४. पैसे गेले असल्यास क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर आणि आपल्या बँकेस कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी गोठविता आली तरच परत मिळण्याची आशा असते.
५. निराळ्या, निर्दोष यंत्रावरून ई-पत्र व बँकेचे पासवर्ड बदलावेत.
६. तंत्रज्ञास बोलवावे. काही जुन्या खंडणीखोर विषाणूंच्या किल्ल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या युरोपीय पोलिसांच्या सहभागाने २०१६ पासून चालू असलेल्या उपक्रमात विनामूल्य मिळतात. त्या पाहिल्यावाचून निर्णय घेऊ नये.
७. यंत्र पूर्ण स्वच्छ करून, मगच प्रतीवरून माहिती परत आणावी.

तोवर चिकित्सा थांबू नये, म्हणून छापील केसपेपर आणि बिलबुक यांचा एक गठ्ठा सदैव जवळ असावा.

कायद्याची बाजू

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ खालील २०११ च्या नियमांनी शारीरिक व मानसिक आरोग्याची स्थिती आणि वैद्यकीय वृत्त यांना संवेदनशील व्यक्तिगत माहिती मानले. त्या कलमाच्या व्याख्येत भागीदारी संस्था आणि एकल मालकीचा व्यवसायही समाविष्ट केला होता. म्हणजे ‘आमचे लहानसे चिकित्सालय’ हा बचाव तेव्हाही नव्हता. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावयाच्या असतात.

डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य कर्तव्यांसाठी तेव्हापासून अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. सुरक्षेची वाजवी दक्षता न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. ही कमाल मर्यादा आहे आणि प्रत्यक्ष दंड उल्लंघनाचे स्वरूप पाहून ठरावयाचा आहे. तथापि माहिती फुटल्यास संबंधित रुग्णांना कळविणे हे कर्तव्य लहान-मोठ्या सर्वांना लागू होते. ज्यांची रुग्णवृत्ते आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी जोडली गेली आहेत, त्यांनी तर हा विषय अधिकच गांभीर्याने घ्यावा.

तंत्रज्ञाशी करार

प्रतिबोलावणे पैसे देण्याऐवजी मासिक देखभालीचा करार करणे हे पूर्वदक्षतेस पोषक असते. कारण मग यंत्र न बिघडण्यातच तंत्रज्ञाचाही लाभ असतो. करारात पुढील गोष्टी लेखी असाव्यात : तो दरमहा काय तपासणार, प्रत परत आणून पाहिल्याची तारीख कोण नोंदविणार, हाकेनंतर किती तासांत येणार, दूरस्थ प्रवेशाचे साधन कोणाच्या अनुमतीने उघडणार आणि काम झाल्यावर कसे बंद होणार, आणि रुग्णांची माहिती त्याच्या दृष्टीस पडल्यास गोपनीयतेचे बंधन काय. मुख्य पासवर्ड, सॉफ्टवेअरचे परवाने आणि संकेतस्थळाची मालकी ही व्यवसायाच्या मालकाच्या नावे असलीच पाहिजेत. ती तंत्रज्ञाच्या नावे असतील, तर करार संपविणे अशक्यप्राय होते.

एकट्याला हा खर्च जड वाटत असल्यास एका भागातील आठ-दहा औषधालयांनी मिळून एकच करार करावा. संगणकक्षेत्रातील प्रशिक्षित मनुष्यबळ नागपुरात आता दुर्मीळ राहिलेले नाही. संघटनेच्या जिल्हा शाखांनी वर्षातून एकदा, विशेषतः वर्षा ऋतूपूर्वी, अशा तपासणीचे शिबिर भरविल्यास अनेकांची सोय होईल.

समारोप

विवेचनाचे सार असे : यादी करावी, अद्यतने टाळू नयेत, दुहेरी पडताळणी लावावी, जाळी विभागावीत, एक प्रत तोडून व एक प्रत दूर ठेवावी, आणि संकटकालीन क्रम कागदावर असावा. सहाही गोष्टी एका महिन्यात पूर्ण होण्यासारख्या आहेत. रुग्णाने विश्वासाने सांगितलेले वृत्त जपणे हे वैद्याचे कर्तव्य वहीच्या काळात जसे होते तसेच आजही आहे. ते आता संगणकापर्यंत पोहोचले आहे, इतकेच.

आत्मपरीक्षणासाठी प्रश्न

१. आपला संगणक आज पूर्णतः नष्ट झाला, तर कालपर्यंतच्या नोंदी किती वेळात परत मिळतील?
२. प्रतीवरून फाइल परत आणून आपण शेवटची कधी पाहिली?
३. गेल्या दोन वर्षांत सोडून गेलेल्या किती सेवकांना आपले पासवर्ड अजून ठाऊक आहेत?
४. आपल्या संगणकाला सुरक्षा अद्यतने अद्याप मिळतात काय?
५. शनिवारी रात्री पडद्यावर खंडणीची सूचना दिसली, तर काउंटरवरील सेवक सर्वप्रथम काय करील, आणि ते त्याला कोणी सांगितले आहे?